फाटकावरची टोपी

ऑस्लर, नेब्रास्का
९ मार्च २००४

ती. हुल्दाआत्यास,
मार्लाचा शि. सा. न. वि. वि.

तुझी फुलं वेळेवर पोचली. बाबांच्या पेटीच्या उजव्या अंगाला, सगळ्या चर्चला दिसतील अशी ठेवली होती. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच तू ओरेगनहून इथवर यायचा हट्ट धरलास, असं कर्ट फोनवर सांगत होता. त्याने आपल्या आईला अडवलं ते बरंच केलं. नंतरच्या जेवणातल्या लाल जेलीकडे बघून तुझ्यासारखं तोंड वाकडं करणारं मात्र इथे कुणी नव्हतं.

सगळं नीट पार पडलं, असं मी विचारेल त्याला सांगते. तुला खरं सांगते. माझ्याकडून काहीतरी वावगं झालंय आणि काय ते मला कळत नाही. पाद्रीबुवांनी मला दोन शब्द बोलायला उभं केलं. रडायचं नाही, लोकांना हसवायचं, असं मी ठरवलंच होतं. म्हणून आपल्या घरातला जुना विनोद काढला. चोवीस वर्षं शेरीफ असलेल्या या माणसाला काउंटीतली प्रत्येक वाट पाठ होती, पण स्वतःची टोपी कुठे राहिली ते कधी आठवायचं नाही. आज याच्या फाटकावर, उद्या त्याच्या कुंपणाच्या खांबावर. बिचारे लोक कामंधामं टाकून ती परत आणून द्यायचे. आई भर दुकानात बाबांवर कशी करवादायची, तेही मी आवाज काढून दाखवलं.

आत्या, एकही माणूस हसला नाही. पुरुष आपापल्या बुटांकडे बघत बसले. वेंडेल क्रॉसने चष्मा पुसायला काढला तो पुसतच राहिला. नंतर तळघरातल्या जेवणालाही लोक हॅमचे सँडविच हातात धरून भिंतीला लागून उभे होते, आणि माझ्याजवळ येऊन नुसता हात दाबून जात होते. मेलेल्या बापाची टिंगल केली असं वाटलं का त्यांना? त्या दिवसापासून मला दुकानात जायचीही लाज वाटते.

त्यात दुसरं. काउंटीची नवी इमारत तयार झाली आहे. शेरीफची कचेरी, कोठडी, सगळं तिथे जाणार. तिला बाबांचं नाव द्यावं असा अर्ज आम्ही ग्रंथालयातल्या बायकांनी केला होता. काउंटी मंडळाच्या तीन सभासदांपैकी क्लेटन पिट्सने त्यावर साप्ताहिकात भलंमोठं पत्र छापलं. आर्विड नीग्रेन भला माणूस होता, पण चोवीस वर्षांत त्याच्या कोठडीच्या वहीत एकसष्ट नावं. गाद्या आल्या तशाच कोऱ्या राहिल्या. कुणाला पकडत नाही तो शेरीफ कसला, ते शेतातलं बुजगावणं, असं त्याने लिहिलंय.

मी वही बघून आले. खरं आहे. पानंच्या पानं नुसती तारीख आणि हवामान. शाळेत मुलं मला चिडवायची, तुझ्या बापाच्या कोठडीत चिमण्या अंडी घालतात. तेव्हा मी बुक्के मारायचे. आता एकोणपन्नासाव्या वर्षी कुणाला मारू? सहा एप्रिलला सभा आहे, तिथे मला बोलायचं आहे आणि माझ्यापाशी बोलायला काही नाही. बाबा आळशी होते का गं? तसं असेल तर सांग. अर्ज मागे घेईन, पण त्यांच्या नावाची चारचौघांत शोभा होऊ देणार नाही.

कळावे. लोभ माझ्यावर आहेच, थोडा त्या गुडघ्यावरही कर.
तुझी,
मार्ला


पोर्टलंड
१७ मार्च

चि. मार्लास,
हुल्दाआत्याचे अ. उ. आ.

गुडघा वाकतो. सून रोज सूप पाजते, त्यात मीठ नसतं, आणि मी छान झालंय म्हणते. म्हातारपणी माणूस खोटं बोलायला शिकतो ते असं.

आता तुझं. तू खुळी आहेस, पण त्यात तुझा दोष नाही. तुला तसंच ठेवलं. दादा जन्मात एकदाही टोपी विसरला नाही. ज्याला आमच्या पहिलीच्या बाईंच्या घोडीचं नाव शेवटपर्यंत आठवत होतं, तो टोपी विसरेल?

नीट वाच. कुणाच्या हातून काही घडलं, म्हणजे दारू पिऊन शेजाऱ्याचं कुंपण तोडलं, रागाच्या भरात घरात हात उचलला, दुसऱ्याच्या वासरावर आपला डाग उठवला, की दादा गाडी काढून त्याच्या घरी जायचा. दार वाजवायचा नाही. डोक्यावरची टोपी काढून फाटकाच्या खांबावर ठेवायचा, पुढची बाजू घराकडे करून, आणि बोडक्या डोक्याने परत यायचा. अर्थ एवढाच की मला कळलंय. शनिवारच्या आत ही घेऊन आपल्या पायाने ये.

मग ते माणूस टोपी हातात धरून भर दिवसा, भर बाजारातून, कचेरीच्या पुढच्या दाराने आत जायचं. बघणारे हसायचे, काय, शेरीफ आज पुन्हा विसरला वाटतं? झालं. हातकड्या नाहीत, पोराबाळांसमोर तमाशा नाही. दादाचा विसराळूपणा म्हणजे सगळ्या गावाच्या अब्रूवरचं पांघरूण होतं, आणि ते त्याने स्वतः विणलं होतं. तुझी आई तर पक्की नटी. भर दुकानात नवऱ्याला झोडपायची आणि घरी येऊन त्याच्यासाठी सफरचंदाचा केक भाजायला ठेवायची.

कचेरीत गेल्यावर तो टोपी खुंटीला लावायचा, कॉफी ओतायचा आणि गप्प बसायचा. विचारायचा काही नाही. अर्धा कप होईतो समोरचं आपणच बोलायला लागायचं. मग ज्याचं नुकसान झालं त्याला बोलावून, भरपाई कशी करायची ते तिघांत ठरायचं. वहीत अक्षर नाही. ज्यांनी सुरे-बंदुका काढल्या ते न्यायाधीशापुढे गेले, ते तुझे एकसष्ट. जगात लोक एकमेकांना टोपी घालतात. माझ्या भावाने ती काढून ठेवली आणि माणसं सुधारली.

तू विनोद सांगितलास तेव्हा समोरचे निम्मे बाक कधी ना कधी ती टोपी घेऊन बाजारातून चाललेले होते. ते रागावले नव्हते. पोरीला सगळं ठाऊक आहे की काय, या विचाराने त्यांना घाम फुटला असेल.

मला कसं माहीत, असं विचारशील. १९६४ साली माझ्या फाटकावर होती म्हणून. पहिला नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, माझं म्हणावं असं एक कुत्रं होतं. ते शेजारच्याच्या वासरांमागे लागलं म्हणून त्याने गोळी घातली. मी सप्टेंबरात त्याची गवताची गंजी पेटवली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दादा खांबावर टोपी ठेवून गाडीकडे वळत होता. सख्खा भाऊ, पण स्वयंपाकघराच्या खिडकीकडे त्याने मान वळवून पाहिलं नाही. दोन दिवस त्या टोपीकडे बघत मी भांडी घासली. शुक्रवारी गेले. ठरलं ते असं, की पुढचा सगळा उन्हाळा मी शेजाऱ्याचं गवत कापून गंज्या रचायच्या, आणि त्याने मला कुत्र्याचं पिल्लू द्यायचं. जुलैत तो कुरणात सरबत आणून देऊ लागला. ऑगस्टात सरबत प्यायला स्वतःही बसू लागला. पुढचं तुला ठाऊक आहे, आमच्या लग्नात फुलं टाकत वेदीपर्यंत तूच चालली होतीस. हो, तो तुझा ऑर्व्हलकाका. चर्चच्या जत्रेत भेट झाली ही आम्ही मारलेली थाप.

दादाच्या टोप्यांपैकी एकच परत आली नाही. कुणाकडे ठेवली होती ते दादाने मलाही सांगितलं नाही. तिची खुंटी कचेरीत मोकळी असायची. मी म्हणायचे, जाऊन धरून आण. तर म्हणायचा, निघालंय गं, रस्ता लांबचा आहे. निवृत्त झाल्यावर ती खुंटी उपटून घरी नेली आणि दारामागे ठोकली. तू तिच्यावर छत्री लावत असशील.

हे सगळं पोटात ठेव. लोकांची लाज ती लोकांची, आपण ती सभेत खर्च करायची नाही.

माया आहे तशीच आहे, मीठ तेवढं कमी झालंय.
तुझी,
हुल्दाआत्या


ऑस्लर
२५ मार्च

ती. हुल्दाआत्यास,
मार्लाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र ग्रंथालयात उभ्यानेच वाचलं. आधी हसले, मग पुस्तकांच्या मागे जाऊन रडले. घरी आल्यावर खुंटीवरची छत्री काढली.

नऊ वर्षांची असताना माझ्या मैत्रिणीचे वडील टोपी घेऊन कचेरीकडे येताना मला दिसले होते. मी रस्त्यात हात पसरून नाचले, बाबा पुन्हा विसरले म्हणून. ते हसले होते. त्यांचं ते हसणं मला आता कळलं. आणि ऑर्व्हलकाका! जेवणाआधी एवढी लांब प्रार्थना म्हणणारा माणूस कुत्र्याला गोळी घालेल आणि तू गंजी पेटवशील, हे अजून माझ्या डोक्यात शिरत नाही.

बाबा आळशी नव्हते हे मला कळलं, माझ्यापुरतं तेवढं पुरे आहे. क्लेटन पिट्स परवा येऊन गेला. तसा वाईट नाही, टोपी काढून बोलला. म्हणाला, मार्ला, मला सभेत ती वही वाचून दाखवावी लागेल, तुला ऐकवणार नाही, त्यापेक्षा अर्ज मागे घे. मी त्याला काय सांगणार? खरं सांगावं तर बाबांनी चोवीस वर्षं झाकलेलं मी एका दुपारी उघडं पाडते. न सांगावं तर ते बुजगावणं ठरतात. बाबांचं नाव राखायचं की त्यांचा शब्द, यातलं एकच मिळणार असेल तर शब्द राखते. सभेच्या आदल्या दिवशी, सोमवारी, अर्ज मागे घेईन.

रागावू नकोस. तुझ्याशिवाय रागवायला आता मला कुणी उरलं नाही हेही खरं.
तुझी,
मार्ला


पोर्टलंड
३० मार्च

चि. मार्लास,
अ. उ. आ.

हे पत्र कर्टकरवी तातडीच्या टपालाने धाडते आहे. अर्ज मागे घेशील तर याद राख.

दुसऱ्यांची लाज खर्च करू नकोस म्हटलं, माझी करू नको असं कुठे म्हटलं? ती माझी आहे, चाळीस वर्षं जपून ठेवली आहे, आणि आता मला ती दादावर उधळायची आहे. माझं मागचं पत्र सभेत वाच. नावासकट, गंजीसकट, कुत्र्यासकट. कुणाच्या हातून काय घडायचं ती ओळ गाळ, मी नको तितकं लिहून गेले. तिथल्या कुणाला ती आपल्यावरच आहे असं वाटेल. मिठाची ओळही गाळ, सुनेच्या कानावर जाईल. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, मला काय आता कोठडीत टाकणार? टाकलं तर गाद्या कोऱ्या आहेत असं तुझा क्लेटनच म्हणतो.

कर्टला काल सगळं सांगितलं. आई, तू आग लावलीस, असं तो तीनदा म्हणाला. चौथ्यांदा हसला. अगदी बापासारखा हसतो.

वाचताना घाई करू नकोस. तुझी लहानपणापासून शेवटचे शब्द गिळायची खोड आहे.

आशीर्वाद पोटभर. धीर कमी पडला तर त्यातलाच वापर.
हुल्दाआत्या


ऑस्लर
७ एप्रिल

ती. हुल्दाआत्यास,
मार्लाचा शि. सा. न. वि. वि.

सभा काल झाली. नीट बसून वाच, गुडघा उशीवर ठेव.

शाळेच्या जेवणघरात दुपारी दोनची वेळ होती. गाई विण्याचे दिवस असूनही बाकं भरली, मागे लोक उभे राहिले. क्लेटनने वही उघडून सालवार नावं मोजून दाखवली. उगाच वाईट बोलला नाही, पण आकडेच वाईट होते. म्हणाला, इमारतीला नाव द्यायचं ते काम केलेल्या माणसाचं.

मग मी उठले. सांगितलं की मला भाषण येत नाही, माझ्या आत्याचं पत्र वाचते, तिने वाचायला सांगितलंय.  गंजी पेटवलीस तिथे मागून कुणीतरी अगंबाई म्हणालं. ऑर्व्हलकाकांचं नाव आलं तेव्हा त्यांच्याबरोबर तीस वर्षं गवत विकलेले म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. मी शेवटचे शब्द गिळले नाहीत. वाचून झालं आणि लोक पुन्हा चर्चमधल्यासारखे बुटांकडे बघायला लागले. मला वाटलं, संपलं. आत्यालाही उगाच उघडं पाडलं.

तेवढ्यात वेंडेल क्रॉस उठला. काठी टेकत माईकपर्यंत गेला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, एकाहत्तर साल, पूर्वेचं फाटक. एवढंच बोलून परत फिरला. क्लेटनने त्याला थांबवून विचारलं की कशाबद्दल. तर वेंडेल म्हणाला की ते मी आणि आर्विडने कॉफीबरोबर संपवलंय, तू आपला फाटकापुरतं लिही.

आत्या, मग रांग लागली. कुणी काय केलं ते कुणी सांगितलं नाही आणि पुन्हा कुणी विचारलं नाही. नुसतं साल आणि फाटक. अडुसष्ट, गिरणीकडचं. शहात्तर, ओढ्याकडचं. टपालकचेरीतली नॉर्मा उठली, ती म्हणाली अठ्ठ्याहत्तर, आमच्याकडे फाटक नाही, पत्रांच्या पेटीवर ठेवली होती. हॉफर भाऊ दोघंही एकदम उठले आणि तिथेच भांडायला लागले. एक म्हणे उत्तरेचं, दुसरा म्हणे दक्षिणेचं. टोपी एकच होती, गुन्हा दोघांचा, म्हणून बाजारातून तिचा एकेक काठ धरून जावं लागलं होतं. तेव्हा लोक हसले. आधी थोडे, मग सगळे, बाकं वाजवून. चर्चमध्ये जे हसू आलं नव्हतं ते मला तिथे मिळालं, व्याजासकट. चिटणीसबाईंनी दुसरा कागद घेतला, मग तिसरा.

क्लेटन मान खाली घालून बसला होता. रांग संपली. मग म्हणाला, सदुसष्ट साली माझा बाप सात मैल चालत टोपी द्यायला आला होता. रात्री जेवताना मी शेरीफच्या विसरभोळेपणाची नक्कल केली. आयुष्यात कधी आवाज न चढवणारा बाप मला गप्प बस म्हणाला. का म्हणाला ते मला आज कळलं. एवढं सांगून त्याने वही मिटली आणि स्वतःच ठराव मांडला. तिन्ही हात वर गेले.

बाबांचा पुतळा वगैरे काही नको असंही ठरलं. नव्या इमारतीच्या दाराशी एक खांब रोवायचा. क्लेटन त्याच्या बापाच्या जुन्या फाटकाचा खांब देणार आहे, देवदाराचा, अजून पक्का आहे म्हणतो.

दारातून बाहेर पडताना लोकांनी माझा हात दाबला, पण या वेळी बोलत होते. शाळेत मला चिमण्यांवरून चिडवणारी सगळी नावं मी मनात एकेक घेतली आणि एकेकाला वाकुल्या दाखवल्या. बाबा जिंकले गं आत्या. आणि तू जिंकवलंस.

ता. क. १० एप्रिल. पत्र पाकिटात घालायचं राहिलं ते बरं झालं. काल सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर आपल्या फाटकाच्या खांबावर टोपी. करडी, उंदरांनी एका बाजूने कुरतडलेली, पुढची बाजू घराकडे. आतल्या पट्टीवर आ. नी. आणि आईने निळ्या दोऱ्याने घातलेले टाके. रस्त्यावर कुणी नव्हतं, ओल्या मातीत गाडीच्या चाकांच्या खुणा तेवढ्या होत्या.

मी ती दारामागच्या खुंटीला लावली. मग काय करावं ते सुचेना, म्हणून कॉफी केली. थर्मास आणि एक कप खांबाशेजारच्या फळीवर ठेवला आणि मुद्दाम दिवसभर कामावर राहिले. संध्याकाळी येऊन बघते तर थर्मास अर्धा झालेला, कप नळावर धुऊन पालथा घातलेला. काल रात्रीपासून गावातल्या एकेक म्हाताऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणते आहे. कोण असेल तो माणूस? तुला काही अंदाज?

तुझ्या लोभाला सीमा नाही हे आता सरकारदप्तरी नोंदलं गेलंय.
तुझी,
मार्ला


पोर्टलंड
१७ एप्रिल

चि. मार्लास,
अ. उ. आ.

पत्र सुनेकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा तीही रडली आणि त्या दिवशी सुपात मीठ पडलं. कर्टने ऑर्व्हलच्या फोटोला सरबताचा पेला दाखवला.

हॉफर भावांचं मला माहीत नव्हतं. दादाने हे पोटात ठेवलं कसं?

आता तुझा प्रश्न. तू पुस्तकांत वाढलीस, पण माणसं वाचायला कच्ची. आपल्या गावातल्या कुठल्या पुरुषाने आजवर कप धुऊन पालथा घातलाय? आणि आठव, दादा कधी निघालाय म्हणाला नाही. दरवेळी निघालंय म्हणायचा. सांगता सांगता ती बाई आहे एवढंही त्याने आपल्या तोंडून सुटू दिलं नाही, मलासुद्धा.

तेव्हा म्हाताऱ्यांचे चेहरे आठवणं सोड. आणि बायकांचेही आठवू नकोस. दादाने विचारलं नाही, आपणही विचारायचं नाही. रस्ता लांबचा होता, पोचली, कॉफी प्याली. खुंट्या भरल्या. दादाचं काम संपलं.

छत्रीला आता दुसरी जागा बघ.

आशीर्वाद नेहमीचेच, पण या खेपेला थोडे मान वर करून.
तुझी,
हुल्दाआत्या